घर – रविवार

भिंगार
११ जानेवारी १९९९

चि. प्रवीण,

गेल्या मेमधल्या त्या गुरुवारी नळाला पाणी साडेसहाला आलं होतं. मी दोन हंडे, पिंप आणि तुझ्या दादांची आंघोळीची बादली भरली. अंगणात लिंबोणीचा पाला पडला होता तो झाडून काढला. आदल्या दिवशी आणलेले गहू सुपात घेऊन उंबऱ्याशी बसले. दादा खुर्चीत पेपर वाचत होते. खडे निवडता निवडता मी म्हणाले, "मोठ्यानं वाचा की जरा."

"तुला येतं ना आता वाचता? मग माझा घसा कशाला?" असं म्हणून त्यांनी मधलं पान काढून माझ्याकडे सरकवलं.

मी ते मांडीखाली ठेवलं. गहू झाले, मग त्यांचा निळा सदरा धुतला. कॉलर दोनदा घासली, कारण स्टोअरकीपर रिटायर झाला तरी त्याची कॉलर स्वच्छ पाहिजे, असं ते म्हणायचे. दुपारी दोनला त्यांना छातीत दुखायला लागलं. सदरा तारेवर होता. पान अजून वाचायचंच होतं.

गहिनीनाथभाऊंनी रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना नगरला दवाखान्यात नेलं. मी म्हणाले, प्रवीणला तार करते. तेव्हा ते खाटेवरून म्हणाले, "तार नको. पोरगं घाबरंल. मेहताबकडून ईमेल कर, ती मिनटात जाते." तुला माहीत आहे, आमच्या माहेरी कोल्हारकडे तार आली की आधी रडायचं आणि मग वाचायची. मयताचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं तर ते उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. म्हणून मलाही त्यांचं पटलं. मी भिंगारला परत आले. मेहताबच्या झेरॉक्सच्या दुकानात चार वाजता बसून मी सांगितलं आणि तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. ‘दादांच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात ठेवलंय. मिळेल त्या गाडीनं ये.’

शुक्रवारी त्यांनी चहा मागितला. मला वाटलं, उतार पडला. आम्ही दोघं दाराकडे बघत होतो. शनिवारी पहाटे ते गेले, आणि मग तार करावीच लागली. तू रविवारी संध्याकाळी आलास. दारातच म्हणालास, "आई, मेल उशिरा मिळाली." मी तेव्हा काही विचारलं नाही.

आता विचारते. नोव्हेंबरात रजेवर आलास तेव्हा जुनी रेक्झिनची बॅग इथंच ठेवून गेलास. गोधड्या ठेवायला मी ती रिकामी केली. तिच्यात एक वही होती. मला हाती लागलेला कागद वाचल्याशिवाय ठेवता येत नाही, साखरेची पुडीसुद्धा, हे तू जाणतोस. वहीवर लिहिलंय, ‘मेलचे प्रयोग, एप्रिल ९८’. आत असं आहे:

‘पहिला आठवडा. मेल आली की लगेच बघायची. काम निम्मंच झालं.
दुसरा. सकाळी दहा आणि दुपारी चार. मधे बघायची नाही. बरं वाटतं.
तिसरा. दोन ओळींत उत्तर द्यायचं. एकदा उघडलेली परत उघडायची नाही.
चौथा. कप्पे केले. साहेब – लगेच. टीम – दोनदा. घर – रविवार.’

‘घर – रविवार’च्या पुढे इंग्रजी अक्षरांत एक शब्द आहे, तो मला वाचता येत नाही. खाली तुझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘दादांच्या मेलमध्ये उत्तर देण्यासारखं काही नसतं.’ ते मला वाचता आलं.

मेहताब म्हणते ईमेल मिनटात जाते. तू म्हणतोस उशिरा मिळाली. गुरुवारी चार वाजता पाठवलेली मेल तुझ्याकडे कधी आली, ते मला कळव. सोळा मे रोजी दादांचा पहिला स्मृतिदिन आहे. चार माणसं येतील, भन्तेजी येतील. त्यांच्यासमोर तुझ्या शेजारी बसायचं तर मला आधी खरं कळलं पाहिजे. उत्तर पत्रानंच दे. मी त्या दुकानात जात नाही.

तुझी आई,
रतनबाई


बंगलोर
२० जानेवारी १९९९

आदरणीय आईस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वही तुझ्या हाती लागली हे बरंच झालं, नाहीतर मी ती शोधत बसलो असतो. ती काही गुप्त वही नाही. तुला वाटतं तसं तिच्यात काही नाही.

इथलं काम कसं असतं ते तुला सांगितलं पाहिजे. सकाळी कॉम्प्युटर लावला की ऐंशी-ऐंशी मेल आलेल्या असतात. निम्म्या मला नसतातच, माहितीसाठी मला जोडलेल्या असतात. एक वाचावी तर दुसरी येते, आणि दर मेलला ती आल्याचा आवाज होतो. गेल्या एप्रिलात मी सहा महिन्यांच्या चाचणीवर होतो. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "साळवे, तू दिवसभर टपालच फोडतोस की कामही करतोस?" बाकीचे हसले. ती सगळी मोठ्या कॉलेजातली मुलं. मला वाटलं, मी भिंगारहून आलो म्हणून मला हे जमत नाही. म्हणून मी स्वतःवर प्रयोग सुरू केले. दादा स्टोअरमध्ये कसं करायचे? आलेला माल आधी कप्प्यात लावायचा, मग पावती फाडायची, हातात घेऊन हिंडायचं नाही. तेच मी मेलला लावलं. खरं सांगतो, त्यामुळेच नोकरी टिकली. आता नव्या मुलांना साहेब माझ्याकडे शिकायला पाठवतात.

‘घर – रविवार’ म्हणजे घरी सविस्तर उत्तर रविवारी लिहायचं, इतकाच अर्थ. आठवड्यात घाईत दोन ओळी लिहिण्यापेक्षा रविवारी निवांत लिहावं म्हणून. पुढचा शब्द कॉम्प्युटरचा आहे, त्याला महत्त्व नाही. दादांबद्दलची ओळ मी लिहायला नको होती. ते लिहायचे ते सगळं चांगलंच असायचं, त्यात अडचण काही नसायची, एवढंच मला म्हणायचं होतं.

त्या गुरुवारी इथला सर्व्हर बंद होता. सर्व्हर म्हणजे टपाल कचेरीसारखा मोठा कॉम्प्युटर. त्यामुळे मेल मला शनिवारी, तारेच्या सोबतच मिळाली.

लिंबोणीला पाणी घालतेस ना? तब्येतीला जप. मेहताबशी तुझं काही बिनसलं आहे का? तिनं काही सांगितलं का?

तुझा,
प्रवीण


भिंगार
२९ जानेवारी १९९९

चि. प्रवीण,

पत्र मिळालं. कप्प्यांचं वाचून मला तुझ्या दादांची आठवण आली, तेवढं तू खरं लिहिलंस.

तुझी पद्धत मी इथं करून पाहिली. आक्काबाई रोज काही ना काही वाचून घ्यायला येते. कधी लाइटचं बिल, कधी पोरीचं पत्र, कधी औषधाच्या बाटलीवरचा कागद. भाजी चुलीवर असली तरी येते. मी तिला सांगितलं, "आक्का, आजपासून अकराला आणि चारला यायचं. मधे मी वाचणार नाही."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आगं बया, मास्तरीन झालीस व्हय? आन् माज्या नातवाला ताप आला तर त्याला काय सांगू, अकरा वाजंस्तवर थांब म्हनून?"

मी म्हणाले, "तापाचं असलं तर लगेच ये."

"आन् ते ताप हाय का बिल हाय, त्ये वाचल्याबिगर मला कसं कळायचं? मला वाचता आलं असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

दोन दिवस ती रुसून आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मीच हाक मारली. म्हणजे तुझी पद्धत माझ्याकडे तीन दिवस चालली.

आता माझं म्हणणं ऐक. तुझं पत्र दोन पानी आहे. त्यात मी जे विचारलं त्याला दोन ओळी आहेत. लहानपणी तू खरं असेल ते तोंडावर सांगायचास आणि खोटं असलं की गोष्ट लांबवायचास. दगडूची बोरं चोरलीस तेव्हा तू मला त्याच्या कुत्र्यापासून सुरुवात करून सांगितलं होतंस.

वहीतून एक पान फाडलेलं आहे. शिवणीत त्याची कडा राहिली आहे. आधीच्या पानावर दहा मे आहे, नंतरच्या पानावर सात जून. मधलं कुठं गेलं?

आणि मेहताबनं काही सांगितलं का, असं तू का विचारतोस? सांगण्यासारखं तिच्याकडे काही आहे का? मी आठ महिने तिच्या दुकानावरून मान खाली घालून जाते. मला वाटायचं, तिनं मेल पाठवलीच नसेल, लाइट गेली असेल, आणि विचारलं की "गेली, मावशी" म्हणून सांगितलं असेल. आता वाटतं, तुम्ही दोघं मिळून काहीतरी झाकताय. तुमच्यातलं एक खोटं बोलतंय, की दोघंही, ते मला कळत नाही. शेजारच्या लेकीसारख्या पोरीवर संशय घ्यायचा आणि पोटच्या पोरावरही, हे करताना मला बरं वाटत नाही. पण संशय आहे तो आहे.

तुझ्या तिसऱ्या आठवड्याच्या नियमाप्रमाणे मला दोन ओळींत उत्तर दे.

आई


बंगलोर
८ फेब्रुवारी १९९९

आदरणीय आईस,
सविनय जयभीम.

मेल गुरुवारी चारलाच आली होती. घरच्या सगळ्या मेल रविवारच्या कप्प्यात जायच्या, म्हणून मी ती उघडली नाही.
पान मीच फाडलं, आणि दोष माझा एकट्याचा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही.

प्रवीण


भिंगार
१५ फेब्रुवारी १९९९

प्रवीण,

मग तू मे महिन्यात येऊ नको. लोकांना मी सांगेन की रजा मिळाली नाही. खोटं बोलायची सवय आपल्या घराला आता झालीच आहे.

त्यांनी शुक्रवारी तीनदा विचारलं, "गाडी कितीला येते?" मी तिन्ही वेळा वेगळी वेळ सांगितली, म्हणजे त्यांना वाट बघायला काहीतरी राहील. तू तेव्हा दहाला आणि चारला साहेबांच्या मेल बघत होतास.

एक गोष्ट राहून राहून टोचते. मी मेहताबवर संशय घेतला होता, पण दोष कोणाचा असं विचारलं नव्हतं. तू ‘दुसऱ्या कोणाचा नाही’ असं कशासाठी लिहिलंस? तू कोणाला वाचवतोस?

आई


भिंगार
१ मार्च १९९९

चि. प्रवीण,

तुझं उत्तर आलं नाही. मी ‘येऊ नको’ लिहिल्यावर येणार नाही हे मला माहीत होतं, पण चौकटीवर कार्ड पडलंय का ते रोज बघत होते.

मी स्वस्थ बसले नाही. वहीतला तो इंग्रजी शब्द ‘कॉम्प्युटरचा आहे, महत्त्वाचा नाही’ असं तू लिहिलंस. ज्याला महत्त्व नाही ते तू कधीच सांगत नाहीस. मला तो कोणाकडून वाचून घ्यायचा नव्हता. मेहताबकडे जाणार नव्हते, आणि गहिनीनाथभाऊंना दाखवावं तर ते चारचौघांत बोलले असते. म्हणून मी मराठी शिकले तशीच हेही शिकायचं ठरवलं.

तुला आठवत नसेल, तू दुसरीत होतास तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. तुझ्या पुस्तकातला ‘क’ मी कोल्हारच्या एस्टीवर शोधला होता, आणि मग ‘क’ असलेली प्रत्येक पाटी मी कोल्हार म्हणून वाचायचे. दादा हसून हसून खुर्चीतून उठायचे.

आता मी बाजारात गेले आणि दोन्ही लिपींतल्या पाट्या शोधल्या. तू तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलाय, ते सोयीचं झालं. आठ अक्षरं आहेत. पहिली दोन मला खान टेलरच्या पाटीवर मिळाली. वर मराठीत ‘खान’, खाली तीच दोन अक्षरं सुरुवातीला. म्हणजे ‘ख’. मधली अक्षरं शुभम क्लॉथच्या पाटीवर होती. दुकानदार विचारायला आला, "काय पाहिजे, बाई?" मी म्हणाले, "काही नाही, पाटी वाचतेय." तो म्हणाला, "पाटी विकायची नाही." शेवटची तीन अक्षरं अली सायकल मार्टवर होती, तशीच्या तशी ओळीनं.

मी गनीभाईंच्या चहाच्या दुकानासमोर उभी राहून तुकडे जोडले. ख. खु. शा. अली नाही, ली. खुशाली.

आधी मला वाटलं, चुकलं. खुशाली हा कॉम्प्युटरचा शब्द कसा असेल? तो तर दादांचा शब्द. कार्ड असो की ईमेल, ‘इकडील सर्व खुशाल, तुझी खुशाली कळव’ याशिवाय त्यांनी कधी सुरुवात केली नाही. मग मी वही उघडून परत पाहिलं. ‘घर – रविवार’ आणि पुढे कंसात ‘खुशाली’. म्हणजे घरच्या सगळ्या मेल नाहीत. खुशालीच्याच.

मी सरळ मेहताबच्या दुकानात गेले. साडेनऊ महिन्यांनी. ती झेरॉक्स काढत होती. मला बघून तिनं कागद तसाच मशिनीत सोडला.

"बसा मावशी. पानी आनू?"

मी म्हणाले, "पाणी नको. त्या दिवशीची मेल काढ."

तिनं कोणत्या दिवशीची ते विचारलं नाही. दादांचं खातं तिनंच उघडून दिलं होतं, ते उघडायचा परवलीचा शब्द तिला पाठ आहे. मशिन बराच वेळ चिवचिवलं. मग पडद्यावर तो कागद आला आणि तिनं मला छापून दिला. खालचा मजकूर मला वाचता येणार नव्हता, पण वरचा एक शब्द मी अर्ध्या तासापूर्वीच शिकले होते. आठ अक्षरं.

मी तिला म्हणाले, "हे वर तू का लिहिलंस?"

तिनं मशिनीतला कागद काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मावशी, तुमी आठवा. मी तुमाला इचारलं हुतं, विषय काय टाकू, अर्जंट टाकू का. तुमी म्हनालात, काकांच्या वर काय असतंय? मी म्हनाले, खुशाली. तर तुमी म्हनालात, मग तेच टाक, पत्राच्या माथ्यावर अशुभ लिहू नये."

प्रवीण, मला ते आठवलं. मी म्हणाले होते. पदरानं तोंड पुसत म्हणाले होते. तार केली नाही कारण तार अशुभ, आणि मेलच्या कपाळावर खुशाली लिहिली कारण दुसरं काही अशुभ. जणू मी कार्डाचा फाटलेला कोपरा परत चिकटवला आणि मग दार उघडून बसले की पोरगं का येत नाही.

मी तिला म्हणाले, "इतके महिने तू बोलली नाहीस."

"तुमी इचारलं न्हाई. आन् आपन होऊन सांगायला तोंड कसं उघडायचं, मावशी? प्रवीणदादाचा जूनमधी फोन आलता. म्हनाला, आईला कधी कळू द्यायचं न्हाई."

म्हणजे तुम्ही दोघं झाकत होतात, हे माझं बरोबर होतं. कोणासाठी झाकत होतात, ते चुकलं.

तो छापलेला कागद माझ्यासमोर आहे. आता मला लांबलचक उत्तर दे. दोन ओळी नकोत.

आई


बंगलोर
९ मार्च १९९९

आई,

तू पाट्यांवरून तो शब्द लावशील असं मला वाटायला हवं होतं.

आता सगळं लिहितो. दादा रिटायर झाल्यावर रोज मेल करायचे, कधी दिवसातून दोनदा. त्या सगळ्यांवर एकच विषय असायचा. एप्रिलच्या शेवटी मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं की खुशाली नाव आलं की ती मेल समोर येऊ देऊ नको, रविवारच्या कप्प्यात टाक. दादांचं नाव आणि वर दुसरं काही असलं तर लगेच आवाज कर, असंही सांगितलं होतं. त्यांना मी हे फोनवर सांगितलं होतं. "निकडीचं असलं तर वर वेगळं लिहा, दादा." ते म्हणाले, "निकडीचं काय असणार आमच्याकडे?" तुला ते सांगायला विसरले असतील. किंवा त्यांना सांगण्यासारखं वाटलं नसेल, माझा मुलगा मला रविवारी बघतो हे.

त्या गुरुवारी चार वाजता मी मेल बघत होतो. तुझी मेल त्याच मिनटाला आली असणार आणि माझ्या नजरेखालून कप्प्यात गेली. शनिवारी तार आली. मी गाडीत बसलो. दारात तुला ‘उशिरा मिळाली’ म्हणालो, तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं की मेल आली होती. तू गळ्यात पडून म्हणालीस, "तुला मेल केली होती रे," आणि मी तोंडात आलं ते बोललो. जूनमध्ये परत येऊन कप्पा उघडला तेव्हा वरचा शब्द बघितला. दादांनी तो लिहिला नव्हता हे मला लगेच कळलं, कारण मजकूर तुझा होता. दादा ‘मिळेल त्या गाडीनं ये’ असं कधी म्हणाले नसते. त्यांनी ‘सवडीनं ये’ लिहिलं असतं.

मग मी मेहताबला फोन करून विचारलं. तिनं सांगितलं, आणि मी वहीतलं पान फाडलं. त्यावर मी हे सगळं लिहिलं होतं. तू विधवा झालीस त्याच महिन्यात तुला हे कळावं असं मला वाटलं नाही. नियम मी केला नसता तर तू वर काहीही लिहिलं असतंस तरी मेल माझ्यासमोर आलीच असती. म्हणून दोष माझा एकट्याचा, हे मी आजही म्हणतो. ते खोटं नव्हतं.

आणखी एक आहे, ते तू विचारलं नाहीस. रविवारीसुद्धा मी सगळ्या उघडत नव्हतो. सगळ्यात वरची एक उघडायचो, तिला उत्तर द्यायचो आणि बाकीच्या तशाच ठेवायचो. खुशालीत काय असणार म्हणून. दादा गेल्यावर मोजल्या. सव्वीस उघडायच्या राहिल्या होत्या. सात महिने मला हात लावायची हिंमत झाली नाही. तुझं जानेवारीतलं पत्र आलं त्या रविवारपासून एकेक उघडतो. आठ झाल्या. अठरा उरल्यात. त्या संपल्या की दादांकडून नवीन काही येणार नाही, म्हणून एकावेळी एकच.

तुला त्यातलं थोडं लिहितो. एकीत आहे, ‘लिंबोणीला पहिल्यांदा फुलं आली. तुझी आई म्हणते सतरा, मी मोजली एकोणीस.’ दुसरीत फक्त गहिनीनाथकाकांच्या रिक्षाचं लिहिलंय. परवाच्या रविवारी उघडली तिच्यात असं आहे, ‘तुझी आई हल्ली अग्रलेख वाचते. मला अर्थ विचारत नाही. मी मुद्दाम मोठ्यानं वाचायचं बंद केलं आहे, तिचं तिला वाचू दे. ती मला आळशी म्हणते.’

मेमध्ये काय करू ते तू सांग. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

प्रवीण


भिंगार
१८ मार्च १९९९

चि. प्रवीण,

तुझं पत्र मंगळवारी दुपारी आलं. मी ते उंबऱ्यात उभं राहून वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं. संध्याकाळी आक्काबाई आली, चार वाजून गेले होते तरी. तिच्या हातात लाइटचं बिल होतं. ते वाचून दिल्यावर तिला विचारलं, "आक्का, मी तुला कधी सांगितलं होतं का, की हे मला मोठ्यानं वाचून दाखवत नाहीत म्हणून?"

"कधी म्हंजे? रोज सांगायचीस. भिमाजी दाजी लई आळशी झाल्यात, असं."

त्यांनी मला मधलं पान दिलं होतं त्या गुरुवारी. ते अजून माझ्याकडे आहे, पेटीत, त्या निळ्या सदऱ्याखाली. मी ते वाचलेलं नाही. तुझ्या अठरा, माझं एक.

तू म्हणतोस दोष तुझा. मी म्हणते माझा. ते असते तर त्यांनी स्टोअरच्या रजिस्टरसारखी दोघांची सही घेतली असती आणि वही मिटली असती. मी तुला माफ केलं असं लिहीत नाही, कारण मग तुलाही मला तसंच लिहावं लागेल. शुक्रवारी ते दाराकडे बघत होते, ते काही कोणाच्या माफीनं फिरून येत नाही. पण तू मला कळू नये म्हणून नऊ महिने ते मनात ठेवलंस, माझ्या नजरेत वाईट झालास, आणि मी तुला ‘येऊ नको’ लिहिलं. तेही आता फिरवता येत नाही. त्याच्यापुढे दुसरं काहीतरी लिहिता येतं, तेवढंच.

उरलेल्या अठरा एकदम उघडू नको. रविवारची एक, हा तुझा नियम चांगला आहे, तो ठेव. त्यात काय असतं ते मला पत्रानं कळवत जा. रिक्षाचं असलं तरी कळव.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल बुधवारी, पाणी भरून झाल्यावर मी मेहताबच्या दुकानात गेले. तिला खुर्चीतून उठवलं आणि मी बसले. ती अक्षर दाखवत होती आणि मी एका बोटानं दाबत होते. तीन शब्द लिहायला मला पाऊण तास लागला. ‘प्रवीण घरी ये’. ती म्हणाली, "मावशी, विषय?" मी ती जागा रिकामी ठेवली आणि मेल पाठवली.

आई